गाव, शिवार आणि शीव : मराठवाड्यातील ग्रामघटकाचा विचार

इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास ‘पॅरिश’ हा शब्द पदोपदी भेटतो. वसईकडील ख्रिस्ती समाजात त्यासाठी ‘धर्मग्राम’ हा नेटका शब्द रूढ आहे, आणि एका चर्चच्या धर्मगुरूकडे सोपविलेला प्रदेश एवढाच अर्थ अभिप्रेत असेल तर तो पुरेसाही आहे. परंतु इंग्लंडातील पॅरिश एवढ्यावर थांबली नाही. १५३८ मध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम निघाला तो प्रत्येक पॅरिशला. १६०१ च्या कायद्याने निर्धनांच्या पोषणाचा भार पडला तो पॅरिशवर. शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा कोणी आणि कोणत्या चर्चला द्यावयाचा हे ठरे, तेही पॅरिशच्या हद्दीवरून. मग ती हद्द एखाद्या ओढ्याच्या काठाने जावो की एखाद्या जुनाट वृक्षाच्या बुंध्यावरून, ती गावकऱ्यांस तोंडपाठ असणे भाग होते. पुढे १८९४ मध्ये खेड्यापाड्यांतून निवडलेली मंडळे अस्तित्वात आली, तेव्हा त्यांनाही पॅरिशचेच नाव मिळाले. धर्मकार्यासाठी आखलेली सीमा अशा रीतीने ग्रामजीवनाच्या सर्वच व्यवहारांची सीमा होऊन बसली.

हॅम्पशर परगण्यातील सेलबर्न ही अशीच एक लहानशी पॅरिश. गिल्बर्ट व्हाइट या तेथील धर्मोपदेशकाने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या पॅरिशमधील पक्षी, कृमिकीटक, माती, वृक्ष आणि पर्जन्य यांचा वृत्तान्त दिला, आणि त्याच्या जोडीला तेथील जुन्या मठाचा इतिहासही दिला. एका खेड्याचे शिवार हा आयुष्यभराच्या निरीक्षणास पुरून उरणारा विषय आहे, हे त्याने कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९५५ मध्ये, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी इंग्लंडच्या भूदृश्याच्या घडणीवरील आपला ग्रंथ लिहिला. लेस्टर येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक इतिहासाच्या विभागाचे ते प्रमुख होते. जमीन हाच सर्वांत जुना दस्तऐवज आहे आणि कुंपणे, वाटा, बांध व शेतांचे आकार ही त्यातील लिपी आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार म्हणता येईल. योगायोग असा की त्याच १९५५ साली श्यामाचरण दुबे यांचा हैदराबादजवळील शामीरपेट या खेड्याचा प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित झाला. त्यात जाती, कुटुंब, विधी, अर्थव्यवहार यांचे विवेचन विपुल आहे. गावाची जमीन मात्र बव्हंशी पार्श्वभूमीसारखी येते. भारतीय ग्रामाभ्यासाची पुढील वाटचाल बरीचशी याच दिशेने झाली. माणसे अभ्यासिली गेली, शिवार मागे राहिले.

मराठवाड्यात पॅरिशच्या तोलाचा घटक कोणता? ‘गाव’ हे उत्तर सहज सुचते आणि ते चुकीचेही नाही. पण मराठीत ‘गाव’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो, आणि त्या दोहोंत गल्लत झाल्यास पुढील सारे विवेचन फसते. ‘तो गावात गेला’ या वाक्यातील गाव म्हणजे घरांची वस्ती. ‘हे शेत कोणत्या गावचे?’ या प्रश्नातील गाव म्हणजे वस्तीसह सारी जमीन, ओढे, माळ, गायरान, वाटा, पाणंदी, मसणवटा हे सर्व आपल्या पोटात घेणारा प्रदेश. महसुली दप्तरातील ‘मौजे’ हा या दुसऱ्या गावाचा वाचक आहे. पहिले गाव डोळ्यांना दिसते, दुसरे दिसत नाही. कारण त्याला भिंत नसते, केवळ शीव असते. गावाचे गावपण या दोहोंपैकी कशात आहे, हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. या प्रदेशात वस्त्या उजाड झाल्या आहेत, हलल्या आहेत, पाण्याखालीही गेल्या आहेत. आणि प्रत्येक वेळी या प्रश्नाचे उत्तर माणसांना आपल्या जमिनीनिशी द्यावे लागले आहे.

जुन्या मराठी व्यवहारात या दोन अंगांना ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी नावे आहेत. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसण्याची जमीन. दख्खनच्या कातळापासून बनलेली काळी माती गोदावरीच्या खोऱ्यात पुरुष-दीड पुरुष खोल सापडते, आणि उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगांकडे जावे तसतशी ती उथळ होत मुरमाड बरडीत विरून जाते. पांढरीची गोष्ट वेगळी आहे. तिचा रंग निसर्गदत्त नव्हे. चुलींची राख, गोठ्यांतील शेणमूत, पडक्या भिंतींची माती, हाडे, खापरे यांचे थर शतकानुशतके एकाच जागी साठून ती करडी-पांढुरकी होते. तेव्हा पांढरी ही माणसाने केलेली माती आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पुराणवस्तुसंशोधक एखाद्या खेड्यात शिरताच प्रथम पांढरीचे टेकाड कोठे आहे ते विचारतात, त्याचे कारण हेच. जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केलेले उत्खनन अशाच पांढरीचे होते. आणि पैठणच्या टेकाडांखाली सातवाहनकालीन प्रतिष्ठान दडलेले आहे, हे सर्वश्रुत आहे.

या पांढरीचा घात मात्र पुष्कळ ठिकाणी तिच्याच गुणाने केला. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर काड्यांचा थर, त्यावर मातीचा जाड थर, आणि ती माती पावसाचे पाणी झिरपू न देणारी अशी पांढरीचीच हवी. शिवाय ही माती शेतात टाकली तर खताचे काम करते. त्यामुळे उजाड पांढरींवरून पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून माती वाहिली गेली, आणि प्राचीन वस्तीचे अवशेष एक तर घरांच्या छपरांवर गेले, नाही तर उसाच्या आणि कापसाच्या सऱ्यांत पसरले. संशोधकास यावर हळहळ वाटणे साहजिक आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने मात्र पांढरी पुन्हा पांढरीच्या कामी आली.

पांढरी आणि काळी यांना एकत्र बांधणारी ती शीव. तिचे दस्तऐवजी अस्तित्व फार जुने आहे. राष्ट्रकूट आणि यादव राजांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाचे वर्णन करताना पूर्वेस अमुक, दक्षिणेस अमुक अशा चारी ‘आघाटां’चा, म्हणजे सीमांचा, निर्देश करण्याची पद्धत आहे. खुद्द पैठण येथे सापडलेले गोविंद तिसऱ्याचा शके ७१६ (इ. स. ७९४) चा ताम्रपट आणि यादव रामचंद्राचा शके ११९३ चा ताम्रपट अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अनेक ताम्रपटांतील गावांची स्थाननिश्चिती केली, ती मुख्यतः या सीमावर्णनांच्या आधारे. एका गावाचे नाव बदललेले किंवा लुप्त झालेले असते. पण शेजारची दोन-तीन नावे थोड्याफार रूपान्तराने तग धरून असतात, आणि त्यांच्या मध्यभागी हरवलेल्या गावाची जागा आपोआप मोकळी दिसू लागते. हजार-बाराशे वर्षांनंतरही ही रीत फलदायी ठरते, यातच गावशिवांचे सातत्य दिसून येते. राजवटी गेल्या, चलने बदलली, दप्तराची भाषा संस्कृत-मराठीवरून फारसी आणि फारसीवरून उर्दू झाली. परंतु कोणत्या ओढ्यापलीकडे शेजारच्या गावाचे शेत सुरू होते, ही बाब पुष्कळ ठिकाणी होती तशीच राहिली.

हे सातत्य टिकविले कोणी? ताम्रपट दात्याच्या नावाने असतो आणि दप्तर कुळकर्ण्याच्या हाती. पण शिवेवर तंटा उपस्थित झाला म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांचा शब्द अखेरचा नसे. मराठेशाहीतील न्यायव्यवस्थेचे जे कागद उपलब्ध आहेत, त्यांवरून अशा तंट्यांची रीत चांगली समजते; वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात या कागदांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. दोन्ही गावांची गोतसभा जमे, साक्षी होत, आणि साक्षींनी निकाल न लागल्यास क्रिया किंवा दिव्य करावे लागे. शीव चालणे हे त्यांतील एक. गावची माती डोक्यावर घेऊन आणि देवाची शपथ वाहून एकाने खरी शीव चालून दाखवावयाची. पुढे ठरावीक मुदतीत त्याच्या घरी काही अनिष्ट घडले नाही, तर त्याची पावले ज्या वाटेने पडली तीच शीव. पुष्कळदा हे चालणे गावच्या महाराकडे येई. शिवेची राखण हे त्याच्या वतनी कामांपैकी एक काम होते, आणि सीमेविषयी त्याची साक्ष निर्णायक मानली जात असे.

येथे क्षणभर थांबणे अवश्य आहे. ज्याचे घर गावकुसाबाहेर, ज्याला पांढरीच्या आत बसू दिले जात नव्हते, त्याच्याच स्मृतीवर गावाच्या अस्तित्वाची कड उभी होती. काही लेखकांनी यात महारांच्या पूर्वकालीन प्रतिष्ठेची खूण पाहिली आहे. ती असेलही, परंतु त्या प्रतिष्ठेबरोबर वेठही आली होती. सरकारी टपाल पोचविणे, कामगारांची ओझी वाहणे, रात्रंदिवस चावडीच्या दिमतीस राहणे या सर्वांचा मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि खळ्यावरचा बलुत्याचा हक्क. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हाच पाश सैल व्हावा म्हणून. ज्ञान ज्याचे, त्याला त्या ज्ञानाने जखडून ठेवावयाचे, अशी ही विचित्र व्यवस्था होती. इंग्लंडच्या पॅरिशमध्ये तिला जोड सापडणे कठीण आहे.

तेथे शीव स्मरणात ठेवण्याची रीत निराळी होती. वसंत ऋतूतील प्रार्थनेच्या दिवसांत धर्मगुरू आणि गावकरी मिळून पॅरिशच्या हद्दीवरून मिरवत जात, हातांतील छड्यांनी सीमेचे दगड आणि झाडे ठोकीत, आणि बरोबर नेलेल्या मुलांना त्या दगडांवर आपटीत किंवा छड्या मारीत. हेतू एवढाच की म्हातारपणीही त्या पोरांना ती जागा आठवावी. मराठवाड्यातील गावांत शिवेचा वार्षिक उत्सव आहे, पण त्याची दिशाच वेगळी आहे. दसऱ्याच्या दिवशी गाव शिवेपर्यंत जाते ते शीव मोजण्यासाठी नव्हे, ओलांडण्यासाठी. सीमोल्लंघनाच्या मुळाशी मोहिमेची कल्पना आहे हे खरे. तरीही शीव कोठे आहे ते सर्वांस माहीत असल्यावाचून ती ओलांडता येत नाही, हेही तितकेच खरे. शिवेवरचा म्हसोबा आणि वेशीतला मारुती यांच्या जागाही याच दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत. एखाद्या उघड्या माळावर, वस्तीपासून दूर, शेंदूर लावलेला एकच धोंडा आढळला तर तो तेथे का, याचे उत्तर बहुधा दोन किंवा तीन गावांच्या शिवांच्या मिळणीत सापडते.

गावांच्या नावांचाही येथे उपयोग होतो. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ या फारसी मूळच्या जोड्या, म्हणजे मोठे आणि धाकटे, या एका शिवाराच्या वाटणीच्या खुणा असतात. ‘वाडी’ बहुधा मूळ गावाच्या शिवारातच वसलेली, आणि कन्नड-सोयगावकडील ‘तांडा’ हा बंजारा समाजाच्या भटकंतीचा शेवटचा मुक्काम. या नावांचा तालुकावार नकाशा तयार झाल्यास एका चांगल्या प्रबंधाची सामग्री हाती येईल.

गाव कशात आहे, या मूळ प्रश्नाची पहिली कसोटी उजाड गावांत लागते. निजामी आणि मराठी महसुली कागदांत ‘बेचिराख’ असा शेरा असलेली गावे भेटतात. हा शब्द मूळचा फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे. मराठीने त्यात ‘राख’ ऐकली आणि जाळून उद्ध्वस्त केलेले असा अर्थ रूढ केला. परंतु महसुली अर्थ जुनाच राहिला. १६३० ते १६३२ या वर्षांतील भीषण दुष्काळाने दख्खनमधील असंख्य गावांतील दिवे विझविले. रोगराई, फौजांचे येणेजाणे, पाणी आटणे अशी कारणे त्यापूर्वी आणि त्यानंतरही होतीच. असे गाव निर्मनुष्य झाले तरी त्याचे नाव दप्तरातून कमी होत नसे. त्याची शीव तशीच राही. शेजारच्या गावचे लोक तेथील जमीन ‘पाही’ म्हणून कसत, आणि सरकार एखाद्या धाडसी माणसास कौल देऊन वसाहतीस उत्तेजन देई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा अधिक, असा चढता ‘इस्तावा’ ठरे. गाव पुन्हा वसले म्हणजे ते नवे गाव मानले जात नसे, जुन्याच गावात पुन्हा दिवा लागला असे मानले जाई. आजही जनगणनेच्या याद्यांत लोकसंख्या शून्य असलेली गावे नोंदलेली असतात. घरे नाहीत, माणसे नाहीत, मारुतीचे पडके देऊळ आणि पांढरीचे टेकाड एवढीच खूण. तरीही गाव आहे, कारण शिवार आहे.

इंग्लंडातील याच स्वरूपाचे उदाहरण म्हणून यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी या गावाचा निर्देश करता येईल. मॉरिस बेरेस्फर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी १९५० पासून चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात तेथे उत्खनन केले. मध्ययुगाच्या अखेरीस जमीनदारांनी नांगराची शेते मोडून मेंढ्यांची कुरणे केली आणि गाव उठले. घरे गेली, पण चर्च राहिले आणि त्याची पॅरिशही राहिली. आसपासच्या वस्तीतील लोक विसाव्या शतकापर्यंत तेथे उपासनेस येत होते. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो. वस्ती हे गावाचे शरीर म्हणावे, तर शीव हा त्याचा सांगाडा, आणि तो अधिक काळ टिकतो. फरक उजाड होण्याच्या कारणांत आहे. तेथे मेंढरांनी माणसांस हुसकाविले, येथे बहुधा अवर्षणाने.

दुसरी कसोटी याच्या नेमकी उलट आहे, आणि ती अगदी अलीकडची आहे. पैठणजवळ गोदावरीवर उभ्या राहिलेल्या धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या बांधामागे जो जलाशय पसरला, त्याला नाथसागर असे नाव आहे. त्याचा विस्तार सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे. खोरे सपाट असल्याने पाणी खोल न जाता दूरवर पसरले, आणि त्याखाली गेली ती पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील गोदाकाठची भारी काळी जमीन. तुटीच्या पावसाच्या या प्रदेशात त्या पाण्याने किती शेतांस आणि शहरांस जीवन दिले, हे सांगावयास नको. जुन्या औरंगाबादचा, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचा, पाणीपुरवठा आणि उद्योगधंदे त्यावरच उभे आहेत. येथे प्रश्न तो नाही. बुडालेल्या गावांचे ‘गाव’ म्हणून काय झाले, हा आहे.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला व्यापक कायदा १९७६ चा. तो होण्यापूर्वीच या खोऱ्यातील बहुतेक स्थलांतर उरकले होते. उठलेल्या वस्त्यांना नवी गावठाणे मिळाली. चौकोनी आखणी, रुंद रस्ते, शाळा, विहीर, देऊळ हे हळूहळू उभे राहिले. नावेही तीच राहिली, केवळ मागे ‘जुने’ किंवा ‘नवीन’ असे विशेषण लागले. गंगापूर तालुक्यातील जुने कायगाव आणि नवीन कायगाव हे त्याचे परिचित उदाहरण. म्हणजे बेचिराख गावात शीव राहून पांढरी गेली होती, आणि येथे पांढरी दुसरीकडे नेता आली. काळी मात्र नेता आली नाही. जमिनीच्या बदल्यात जमीन किंवा मोबदला मिळणे ही न्यायाची बाब आहे आणि तिच्याविषयीचे झगडे दीर्घकाळ चालले. परंतु मोबदला खातेदारास मिळतो. शिवार हे कोणा एका खातेदाराचे नसते. गुरे चारण्याचे गायरान, सरपणाचा माळ, ओढ्यातील वाळू, पाणंद, शिवेवरचा म्हसोबा, ज्या बांधावर आंब्याचे झाड दोन भावांत सामाईक होते तो बांध, हे सारे सातबाऱ्यावर एकाच नावाने कधी चढलेले नव्हते. नव्या गावठाणातील नागरी सुविधांची यादी कायद्यात करता येते, पण शीव ही त्या यादीत बसणारी वस्तू नव्हे. जेथे दुसऱ्या गावच्या शिवारात जागा संपादन करून वस्ती बसविली गेली, तेथे तर आलेले गाव घरांपुरतेच आपले, दारापुढची वाट संपली की भोवतालची काळी यजमान गावाची. भूमिहीन कुटुंबांचे नुकसान यात सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी नोंदलेले आहे. त्यांचे जगणे जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर शिवाराच्या वापरावर अवलंबून होते. त्या वापराला कागद नव्हता, म्हणून त्याची किंमतही झाली नाही.

गायरानाच्या बाबतीत या प्रदेशाचा इतिहास आणखी एका कारणाने लक्षणीय ठरतो. इंग्लंडात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी सामाईक कुरणे कुंपणांत गेली आणि गरिबांचा त्यांवरील वापर संपला. मराठवाड्यात उलट, भूमिहीन दलितांनीच पडीक गायरानावर नांगर धरून हक्क सांगितला. १९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने त्यासाठी सत्याग्रह केला, आणि अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा प्रश्न पुढे अनेक दशके शासनापुढे राहिला. शिवेची राखण करणाऱ्यांच्या वंशजांनी शिवाराचा वाटा मागितला, असे या घटनेकडे पाहता येते. गायरान संपले की गुरांनी चरावे कोठे, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता; परंतु ज्यांची गुरे होती त्यांच्याकडे बहुधा शेतही होते, ही गोष्ट आक्षेपकांनी क्वचितच बोलून दाखविली.

गावाची तिसरी गत शहराच्या कडेला पाहावयास मिळते. गारखेडा, मुकुंदवाडी, हर्सूल, चिकलठाणा, पडेगाव ही नावे आता नागरी वसाहतींची वाटतात. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा आसपासची अनेक गावे तिच्या हद्दीत आली. येथे पांढरी वाढत जाऊन तिने काळी गिळली. तरी जमिनीच्या खरेदीखतात ‘मौजे’ हा शब्द अजून येतो, आणि जुनी शीव एखाद्या नाल्याच्या किंवा विनाकारण वळण घेणाऱ्या रस्त्याच्या रूपाने शिल्लक असते. सरळ आखलेल्या वसाहतीत एखादा रस्ता मध्येच वाकडा गेला असेल, तर नगररचनाकारास दोष देण्यापूर्वी जुना गावनकाशा पाहणे बरे.

असा अभ्यास करू इच्छिणाऱ्याची अडचण साधनांची आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. पॅरिशच्या नोंदवह्यांसारखी अखंड जन्ममृत्यूची मालिका येथे नाही. त्याऐवजी जमिनीची कागदपत्रे आहेत. सालारजंगाच्या १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर आणि त्यापुढील मोजणीनंतर तयार झालेली सेतवारे, गावनकाशे, पाहणीपत्रके आणि १९५४-५५ चे खासरापत्रक ही हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाची खास साधने आहेत. मोडी आणि उर्दू या दोन्ही लिपींचे ज्ञान त्यासाठी लागते. एकच लिपी येणारा विद्यार्थी निम्मे गाव पाहतो. १९६२ च्या कायद्याने पाटीलकीची वतनी नेमणूक संपली आणि पुष्कळ घरगुती दप्तरे माळ्यावर गेली. ती वाळवीच्या तोंडून वाचवणे हे ग्रंथालयातील वाचनाइतकेच निकडीचे काम आहे. त्याहून निकडीचे काम तोंडी साधनांचे. बुडीत क्षेत्रातील शेतांची नावे, विहिरींची नावे, वाटांची नावे ज्यांना पाठ होती ती पिढी आता झपाट्याने विरळ होत चालली आहे. सर्व्हे क्रमांक नकाशावर सापडेल. पण त्या शेताला ‘चिंचेचे’ की ‘भुताचे’ म्हणत, ते नकाशात नाही.

धरणाचे ‘जायकवाडी’ हे नाव ज्या गावाचे, ते गाव बीड जिल्ह्यातील. हैदराबाद संस्थानाच्या काळातील मूळ योजना तेथे बांध घालण्याची होती. पुढे जागा नदीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ आली, आणि नाव मात्र जुन्या जागेचेच राहिले. आता उन्हाळ्यात नाथसागराचे पाणी ओसरू लागले की कडेची जमीन उघडी पडते, आणि तीवर ‘गाळपेर’ होते. ही जमीन हंगामापुरती भाड्याने देताना मूळ धरणग्रस्त शेतकऱ्यांस प्राधान्य देण्याचे धोरण आहे. बांध गाळाखाली गेलेले, धुरे मिटलेले, शीव ओळखू येईल असे झाड उरलेले नाही. तेव्हा त्या ओल्या काळ्या सपाटीवर दोरी टाकून वाटे पाडावे लागतात, आणि पाऊस येऊन पाणी चढेपर्यंत तेथे हरभरा, गहू, ज्वारी किंवा भाजीपाला उभा राहतो.